आई पडत होती आणि आम्ही फरशी तपासत होतो

पाच महिन्यांत आई तीनदा पडली. तीन हा आमचा आकडा. तिचा पाच होता, पण तो आम्हाला फार उशिरा कळला.

वय ७८. बाबा गेल्यापासून एकटी राहते. मधुमेह नाही, रक्तदाब बारा वर्षांपासून, गोळीने आटोक्यात. डोकं खणखणीत, घरातला सगळा हिशेब तिच्या वहीत असतो आणि तो आमच्यापेक्षा बरोबर असतो. मी आणि दादा दोघेही तिच्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर. हे सगळं सविस्तर लिहून काढते आहे, कारण या प्रकरणात एकाचीही ढोबळ चूक सापडत नाही. ज्याने त्याने त्या त्या वेळी शहाणपणाचंच केलं होतं, आणि तरी ती पडत राहिली.

पहिल्यांदा पडली ती पहाटे तीनच्या सुमारास, बाथरूमच्या दाराजवळ. कंबरेखाली हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग. "फरशी ओली होती गं," ती म्हणाली. आम्ही लगेच मान्य केलं. मान्य करणं सोपं होतं, कारण ओल्या फरशीवर उपाय असतो. दादाने आठवड्याच्या आत खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, रबरी चटई आणली, कमोडशेजारी धरायला स्टीलची दांडी ठोकून घेतली. फोटो काढून मला पाठवले. मला बरं वाटलं.

सहा आठवड्यांनी ती सकाळी कपाटापाशी पडली. तिथे पाणी नव्हतं, चटई नव्हती, पायात येण्यासारखी वायरही नव्हती. पडताना डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी हाड नीट जुळवलं, प्लास्टर घातलं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितलं. हाड ठिसूळ झालंय का, एवढा शोध झाला. ती मुळात पडली का, याचा कुणी केला नाही. आम्हीही विचारलं नाही. "वय झालं आता," असं दादा म्हणाला आणि मी मान डोलावली. या तीन शब्दांनी आमचे तीन महिने खाल्ले.

तिसरी खेप सगळ्यांत वाईट. रात्री दोननंतर कधीतरी पलंग आणि दार यांच्या मध्ये पडली. मनगट अजून दुबळं, त्यामुळे रेटा देऊन उठता येईना. फोन टेबलावर, तीन हातांवर. सकाळी सहाला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा जवळजवळ चार तास झाले होते. म्हाताऱ्या माणसाने जमिनीवर तासाहून जास्त पडून राहणं हाच एक वेगळा धोका असतो. अंगाखाली दाबलेले स्नायू विरघळू लागतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंग गार पडतं, पाणी कमी पडतं. आई त्यातून निभावली. तिला दुखण्यापेक्षा ओल्या कपड्यांची लाज जास्त वाटत होती. काकूंना आत घेण्याआधी तिने "जरा थांबा" म्हणून दाराआडूनच चादर ओढून घ्यायचा प्रयत्न केला होता.

कॅमेरा

दादा त्या रात्री झोपला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा त्याने मला पहाटे पाठवला: जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक. पाठोपाठ कॅमेऱ्याची ऑर्डर. चार दिवसांत तिच्या झोपायच्या खोलीत, कपाटावर, एक पांढरा डोळा बसला.

आईने त्यावर टॉवेल टाकला. दादाने फोनवरून काढायला सांगितला, तिने काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी दादाने आवाज चढवला, "मग आमच्याकडे राहायला ये, नाहीतर चोवीस तास बाई ठेवतो." आई काही बोलली नाही. त्यानंतर फोनवर "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "छान आहे. काही नाही झालं."

दादाला दोष देत नाही. मीही हेच म्हटलं असतं, फक्त जरा मऊ आवाजात. पण आज मागे वळून बघताना दिसतं की आमच्या प्रत्येक उपायासरशी आईला एक गोष्ट पक्की कळत होती, की पडल्याचं सांगितलं तर घर जाईल. तिने सांगणं बंद केलं. मधल्या दोन खेपा, एकदा पलंगावर आडवी कोसळली आणि एकदा भिंतीला घासत खाली बसली, तिने अशाच गिळून टाकल्या. आणि नेमकी त्या दोन खेपांतच खरी माहिती होती, कारण दोन्ही वेळा ती उठून उभी राहिल्यावर मिनिटभरात खाली आली होती.

मला पहिला धागा सापडला तो भिंतीवर. आईकडे आठवडाभर राहायला गेले होते, दुपारी तिच्या पलंगावर पडून समोर बघत होते. पलंगापासून दाराकडे जाणाऱ्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीला, एक मळकट पट्टा होता. हाताचा तेलकट, करडा पट्टा, रोजच्या घासण्याने चकाकी आलेला. तो कपाटाच्या कडेवर गेला, पुढे टेबलाच्या कोपऱ्यावर. आणि दारापाशी तीन-चार फूट काहीच नाही. धरायला काही नव्हतं तिथे. ती दोनदा पडली ती जागा हीच.

म्हणजे ती कित्येक महिने धरून धरून चालत होती. तेही बाथरूममध्ये नाही, जिथे आम्ही दांडी लावली होती, तर पलंगातून उठल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत. घसरणारा माणूस असा चालत नाही.

आडवं असताना घेतलंय का कधी?

मनगटाच्या व्यायामासाठी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना चालण्यासाठी पुन्हा बोलावलं. त्यांना भिंत दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रक्तदाब आडवं असताना आणि उभं असताना घेतलाय का कधी?"

आमच्याकडे बारा वर्षांची नोंद होती. सगळी बसून घेतलेली.

त्यांनी आईला पाच मिनिटं निजवलं, पट्टा बांधला: १४२/७८. मग उभं केलं, खुर्ची पाठीशी ठेवून, स्वतः शेजारी उभ्या राहून. एका मिनिटाने ११८/७०. तीन मिनिटांनी ११२/६६. आई डोळे मिटून उभी होती. "काय होतंय?" "काही नाही, जरा अंधारी येते. ती नेहमीचीच."

ती नेहमीचीच! महिनोन् महिने आम्ही तिला "पडलीस का?" विचारत होतो, त्याला ती "नाही" म्हणत होती. उठल्यावर डोळ्यांपुढे काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढलं जातं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी यंत्रणा असते, ती क्षणात नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूला रक्त कमी पडू देत नाही. वयाबरोबर ही यंत्रणा सुस्तावते. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला डॉक्टर आजार म्हणून मोजतात. ही व्याख्या १९९६ पासून तीच आहे. आईचा वरचा दाब ३० ने उतरला होता. तपासणीला लागलं एक घरगुती यंत्र आणि आठ-दहा मिनिटं. यंत्र तिच्या उशाशीच होतं.

मग त्यांनी आईला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. १९ सेकंद. ही चाचणी १९९१ पासून वापरात आहे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. "पाय कमजोर झालेत, ते मी बघते," बाई म्हणाल्या, "पण दाब असा का उतरतो ते गोळ्यांच्या डब्यात बघा."

डबा

मी गोळ्यांचा डबा पलंगावर उपडा केला आणि आईची जुनी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावली. दोन तास लागले. सगळा उलगडा त्या क्रमात होता.

पहिल्यांदा पडायच्या आधी साधारण वर्षभर, रक्तदाब थोडा वाढलेला दिसला म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम केलं. रास्त निर्णय.

दोन महिन्यांनी आईचे घोटे सुजले. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्यांकडे गेली. त्यांनी सूज पाहिली आणि फ्युरोसेमाइड दिली, जिला घरोघरी 'लघवीची गोळी' म्हणतात. हेही वरवर रास्त. पण अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे जुनं ठाऊक असलेलं आहे, आणि मात्रा वाढली की सूजही वाढते. हे औषध धमन्यांच्या बारीक शाखा सैल करतं, पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. पाणी आत येतं जास्त, बाहेर जातं कमी, आणि मधल्या मधे पायांत झिरपतं. अंगात पाणी वाढलेलं नसतंच, ते चुकीच्या जागी असतं. त्यामुळे लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. हटतं ते रक्तवाहिन्यांतलं पाणी, ज्याची उभं राहताना गरज असते.

गोळी सकाळी घ्यायची होती. आई ती संध्याकाळी घ्यायची. का, तर सकाळी ती बाहेर पडते आणि बाहेर सोय नसते. तिच्या बाजूने अगदी बरोबर. त्यात भर म्हणजे दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर टाकतात. परिणामी रात्रीतून चार वेळा उठणं.

चार वेळा उठणाऱ्याची झोप कशी लागणार? तिसऱ्या एका डॉक्टरांना ती म्हणाली, "झोप येत नाही." लघवीचं सांगितलं नाही, ते वयाचंच म्हणून. त्यांनी क्लोनाझेपाम लिहून दिली, अर्धा मिलिग्रॅम. ही गोळी शरीरात निम्मी व्हायलाच ३० ते ४० तास घेते. आज रात्री घेतलेली उद्या रात्रीची घ्यायची वेळ झाली तरी अर्ध्याहून जास्त अंगात असते, आणि उतारवयात उतरायला आणखी वेळ लावते. गोळी सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांनी आई पहिल्यांदा पडली. तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

आणि डब्याच्या तळाशी, कुठल्याच कागदावर नसलेली, सर्दीची एक जुनी गोळी. क्लोरफेनिरामाइन असलेली. "नाक वाहिलं की घेते एखादी." तिनेही गुंगी येते.

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरं औषध, त्याच्यावर तिसरं, या साखळीला वैद्यकात नाव आहे. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिच्यावर लिहिलं होतं. वृद्धांना शक्यतो टाळाव्यात अशा औषधांची बीअर्स यादी त्याहून जुनी, १९९१ ची. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती सुधारत असते. आईच्या दोन गोळ्या, झोपेची आणि सर्दीची, त्या यादीत आहेत. हे सगळं तीन डॉक्टरांपैकी कुणालाच नवीन नसणार. पण तिघांपैकी एकाच्याही समोर सगळा डबा एकत्र गेला नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुढचा कागद पाहिला. एकत्र बघायचं काम कुणाचं, तर आमचं होतं, आणि आम्ही चटया निवडत होतो.

काय केलं

पहिला मोह होता लघवीची आणि झोपेची गोळी त्याच रात्री कचऱ्यात टाकायचा. टाकली नाही ते बरं. झोपेची अशी गोळी रोज घेणाऱ्याने एकदम थांबवली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. आणि घोट्यांची सूज हृदयाची, मूत्रपिंडाची किंवा यकृताचीही असू शकते. ती नाही याची खात्री झाल्याशिवाय लघवीची गोळी बंद करणं हा जुगार झाला असता.

सगळा डबा पिशवीत घालून आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. बरोबर एक पान: कुठलं औषध कधी सुरू झालं, कुणी दिलं, कशासाठी, आणि आई कधी पडली. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मला आधी दिसायला हवं होतं." हे ऐकून माझा राग निम्मा ओसरला. हृदयाचा इको, लघवीतली प्रथिनं, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या तपासण्या, सगळं ठीक निघालं. पोटॅशियम तेवढं ३.२ होतं, ३.५ च्या खाली, म्हणजे लघवीच्या गोळीने तेही ओढलं होतं.

फ्युरोसेमाइड बंद. अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर, जोडीला दुसऱ्या जातीचं रक्तदाबाचं औषध, टेल्मिसार्टन, थोड्या मात्रेत. ते सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी मूत्रपिंड आणि पोटॅशियम पुन्हा तपासलं. सर्दीची गोळी कायमची हद्दपार. झोपेची गोळी मात्र महिनोन् महिने, चतकोर-चतकोर करत उतरवायची.

तीन आठवड्यांत घोटे उतरले. रात्रीचं उठणं चारवरून एक-दोनवर आलं. दोन महिन्यांनी आडवं असताना १४६/८०, उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी १३६/७८. आडवं असतानाचा आकडा आधीपेक्षा चार वर आहे, हे दादाला खटकलं. डॉक्टर म्हणाले, "मला ती उभी हवी आहे." झोपेचं म्हणाल तर गोळी कमी करताना प्रत्येक पायरीला चार-पाच रात्री वाईट गेल्या. आईने त्या दिवसांत माझ्यावर बराच राग काढला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या पद्धतीचे व्यायाम लावले. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, टेबल धरून टाचा वर करणं, एका रेषेत चालणं. या पद्धतीच्या चाचण्यांत वृद्धांचं पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं आहे, पण अट ही की आठवड्यातून तीनदा नेमाने करायचं आणि हळूहळू वजन वाढवत न्यायचं. आईचे १९ सेकंद तीन महिन्यांत १३ वर आले.

मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो आणखी एक धडा: जमिनीवरून उठायचं कसं. बाईंनी जाड गादी घातली आणि आईला मुद्दाम खाली झोपवलं. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर रेटा द्यायचा, मग हात-गुडघ्यांवर यायचं. रांगत खुर्चीपर्यंत. दोन्ही हात बसायच्या जागेवर, बळकट पाय पुढे, पाऊल सपाट, आणि मग वर. पहिल्या दिवशी आईला अकरा मिनिटं लागली. ती मधेच हसायला लागली, "लहानपणी सुद्धा मी इतकी रांगले नसेन." पाचव्या दिवशी दोन मिनिटं. दुखापत झालेली नसेल तरच असं उठायचं. कुठे हाड दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची किंवा फोन करायचा, हेही तिच्याकडून दहादा वदवून घेतलं. फोन आता गळ्यातल्या छोट्या पिशवीत असतो, रात्रीसुद्धा.

दारापाशी, भिंतीवरचा पट्टा जिथे तुटत होता तिथे, दांडी बसवली. जागा आईने बोटाने दाखवली. पलंगाखाली हालचालीने लागणारा दिवा. आणि उठण्याची तिची रीत: आधी कडेला बसायचं, पावलं वीसदा वर-खाली, मग उभं राहायचं आणि मनात दहा अंक मोजून पहिलं पाऊल.

कॅमेऱ्याचं भांडण सुटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. शेवटी दादा तिच्याशी समोरासमोर बसला. तोंडी का होईना, करारच झाला म्हणा ना. कॅमेरा निघणार. बदल्यात आई रोज सकाळी साडेसातला दोघांना एक मेसेज टाकणार. पडली, तोल गेला, अंधारी आली तर तारीख-वेळ हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिणार. आणि त्या पानावरून कुणीही तिला "आमच्याकडे ये" म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तिने मागच्या तारखा टाकून त्या लपवलेल्या दोन खेपा लिहिल्या. पाच हा आकडा आम्हाला कळला तो तेव्हा.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. झोपेची गोळी अजून पाव उरलीय, ती सुटेल की नाही सांगता येत नाही. बाहेर जाताना काठी घ्यायला आई तयार नाही, त्यावरून दर आठवड्याला वाद होतो. वहीच्या शेवटच्या पानावर गेल्या महिन्यात एकच ओळ आहे, तिच्या तिरप्या अक्षरात: "पहाटे ४. घाईत उठले, मोजले नाही. दांडी धरली."